घोड्याची खूण

स्प्लिट, ९ जानेवारी १९७८

ती. बाबांस तोन्काचा शि. सा. न.
वि. वि. ऑलिव्हच्या झाडावरून घसरलात, एका हाताने फांदीला लोंबकळलात, जीव वाचला. पण मानेतून दंडात उतरणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. काल इस्पितळात मीच तुमच्या दंडात स्नायूतली वीज मोजणारी सुई घातली. तुम्ही जोर लावत होतात आणि माझ्या यंत्राच्या पडद्यावर एकही लाट उठेना. तुम्हाला बोटीत बसवलं आणि मग रडले.
ताणलेली नस सावकाश पुन्हा वाढते. मार्चमध्ये परत मोजू. तेव्हाही काही दिसलं नाही तर डॉक्टर पायातली नस काढून तिथे जोडणार.
रागावलात तरी माया असू द्या.
तोन्का

सेल्त्सा, २० फेब्रुवारी

चि. तोन्कास अ. उ. आ.
हात वर जातो आहे! तुझ्या आईने देवळात मेणबत्तीसुद्धा लावली. तेव्हा ऑपरेशन नको. धड पाय कशाला बिघडवायचा?
लोव्रेला मात्र पटत नाही. ब्रिश्कुलाच्या पत्त्यांच्या डावात तो माझा जुना जोडीदार. मी खांदा उडवला की माझ्याकडे घोड्याचं पान आहे, ही आमची खूण. आता मी पेला उचलायला गेलो की तो चिडतो, म्हणतो घोडा नसताना खूण कशाला करतोस. खवचट म्हातारा.
तुझा, सुईला न भिणारा, बाप
जेर्को

स्प्लिट, १२ मार्च

ती. बाबांस शि. सा. न.
लोव्रेकाकांचं खरं आहे. तुम्ही खांद्याने हात फेकता, दंड काम करतच नाही. काल मी खांदा दाबून धरला तेव्हा हात उठेना आणि तुमचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं.
पण मग सुई जरा सरकवली आणि तुमच्या जोराबरोबर बारीकशा लाटा उठल्या. हात हललाही नव्हता, तरी उठल्या, म्हणजे नस दंडापर्यंत पोचू लागली आहे! तुम्ही शिव्या देईपर्यंत मी पुन्हापुन्हा जोर लावायला लावला, तो याचसाठी. डॉक्टर उन्हाळ्यापर्यंत थांबायला तयार आहेत. तोवर कोपर वाकलं पाहिजे. लबाडी नको. लोव्रेकाकांना पहाऱ्यावर बसवा.
आईला सांगा, मेणबत्ती वाया गेली नाही.
तोन्का

सेल्त्सा, २ जून

चि. तोन्कास अ. उ. आ.
काल डाव रंगात होता. मी पेला तोंडाला लावला आणि लोव्रेने हातातली पानं टेबलावर पालथी ठेवली. हळूच म्हणाला, "जेर्को, खांदा हलला नाही."
मग आम्ही दोघे म्हातारे सगळ्यांसमोर रडलो, लाज नाही की काही नाही.
डाव मात्र हरलो. नंतर माझ्याकडे खरंच घोडा आला, मी खांदा उडवला. पण लोव्रे डोळे पुसत बसला होता, त्याने पाहिलंच नाही.
कळावे. या खेपेला दोन्ही हातांनी आशीर्वाद.
जेर्को