पुलावरची लढाई

१२ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघं 'बरं आहे, बरं आहे' म्हणतो आणि ठेवून देतो, म्हणून कागद घेतला. इथे सगळं ठीक. सकाळी दातांच्या दवाखान्यात जाते, लोकांच्या कवळ्यांची मापं घेते, संध्याकाळी येते. आई गेल्यापासून मला रडूही येत नाही आणि हसूही येत नाही. भाजीत मीठ पडलंय का, हेसुद्धा बाबांना विचारावं लागतं. ते म्हणतात, असेल.

बाबा दिवसभर तुझा कॉम्प्युटरवरचा खेळ घेऊन बसतात. जुन्या लढाईच्या खेळावरून तू हौसेने नवा बेतलास, तोच. चौकटींचा नकाशा, इकडून आपली माणसं, तिकडून शत्रू, आळीपाळीने चाल. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ते पुलाच्या लढाईवर अडकलेत एवढं दिसतं. हरतात, पुन्हा मांडतात. जेवायला हाक मारली तर म्हणतात, हरलो की येतो. लोक जिंकून उठतात, आपले तीर्थरूप हरून उठतात!

दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत रे. एकदा जिंकले तर उठतील तरी. त्या शत्रूंचं काहीतरी कर.

माया आहेच, आळस तेवढा कमी कर.
तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूक माझीच. शत्रूंची लेव्हल मी आपल्या तुकडीतल्या सगळ्यात बलवान माणसावरून ठरवली होती. बाबांनी कुणातरी एकालाच लाडावून ठेवलं असणार आणि बाकीचे लिंबूटिंबू. मग शत्रू येतात त्या एकाच्या तोडीचे आणि उरलेल्यांचा भुगा होतो. आता सगळ्यांची सरासरी धरली आहे. वर आणखी दोन लेव्हल उतरवल्या आणि पलीकडच्या काठावरचे धनुर्धारी काढून टाकले. खेळणारी मंडळी नावं ठेवतील, ठेवू देत. नवी आवृत्ती बाबांच्या कॉम्प्युटरवर आपोआप उतरेल.

आईला मी त्यात वैद्यबाई केलंय, ते तुला माहीत आहेच. आजारपणात तिनेच हट्टाने आपलं वाक्य सांगितलं होतं. जखमींना बरं करताना ती म्हणते, आधी खाऊन घ्या, मग काय लढायचं ते लढा. खेळाची तपासणी करताना मी ते सारखं ऐकतो. काही होत नाही. गोदामात काम आहे, तिथे जातो, येतो.

बाबांना नमस्कार. तुझा राग आणि जीव, दोन्ही असू दे.
बारक्या

२ एप्रिल

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तू लेव्हल उतरवल्यास म्हणालास, पण कसलं काय! बाबा अजून हरतातच, वर आता हरायला तासन्‌तास लागतात. काल मी खुर्चीमागे उभी राहून पाहिलं. तलवारवाल्याला त्यांनी उगाच पाण्यात उभा केला. शत्रूकडचा एकच माणूस उरला होता, तर आपली अख्खी पलटण त्याच्यापासून पळवत होते.

मला धास्ती वाटते. डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला? महिनाअखेरीला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलंय. तसं मी त्यांना सांगितलं.

जपून राहा, आणि विसरू नकोस.
ताई

५ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ताई मला डॉक्टरकडे नेणार आहे, म्हणून लिहितो. माझं डोकं ठिकाणावर आहे. पूल मी केव्हाच जिंकलो होतो. जिंकल्यावर तुझी आई पिशवी उचलते, पूल ओलांडून जाते आणि पुढच्या नकाशात तुकडीत नसते. लढाईच्या आधीचा डाव मी जपून ठेवला होता. तो उघडला. तेव्हापासून हरतो आहे.

आधी बरं चाललं होतं. मनापासून लढलो तरी बहुतेकदा हरत होतो. आता तू शत्रू इतके लेचेपेचे केलेस, की काल एकाने आपणहून माझ्या भालेवाल्यासमोर येऊन जीव दिला. हरायचं म्हणजे मला घाम फुटतो. तिलाच पुढे घातलं तर चटकन हरेन, पण ते मी करणार नाही.

तो प्रसंग काढू नकोस. तिला पुढच्या नकाशात आणू नकोस, ते खोटं वाटेल. मला दुःख वगैरे फारसं होत नाही, तेव्हा काळजी नको. फक्त शत्रू पुन्हा जड कर. लढून हरू दे.

तब्येत सांभाळ. बाकी क्षेम.
बाबा

११ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न.

शत्रू पहिल्यासारखे केले. धनुर्धारी परत आणले आणि वर दोन लेव्हल जास्त दिल्या. ताईला सगळं कळवलंय. ती आता डॉक्टरांचं नाव काढणार नाही.

आई गेल्यावर तिच्या तोंडी पुढची वाक्यं काय घालावीत, मला सुचेना, म्हणून ते पिशवी उचलणं लिहिलं. लिहिलं, पण कधी चालवून पाहिलं नाही. तपासायला बसतो आणि पूल जिंकायची वेळ आली की बंद करतो. तो प्रसंग नीट चालतो, हे मला तुमच्या पत्रातूनच कळलं.

आशीर्वाद असू द्यावा.
आपला,
बारक्या