पाटीवरचं दुसरं नाव

३ जून

चि. सौ. वन्संना अनेक आशीर्वाद.

रागात लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घ्या. आपल्या सरकारी इस्पितळाला पन्नास वर्षं झाली म्हणून नवं ऑपरेशन थिएटर बांधलंय. तुमच्या दादांच्या माघारी त्याला त्यांचं नाव देणार, हे ऐकून जीव सुखावला. मग ते सांगायला घरी आलेले इस्पितळाच्या समितीचे सेक्रेटरी चहाचा कप खाली ठेवत हळूच म्हणाले, की पाटीवर मेट्रनबाईंचंही नाव हवं, दोघांचं शेजारी शेजारी. माझी संमती तेवढी पाहिजे.

जुन्या गोदामात इस्पितळ सुरू झालं, तेव्हा शाळेची बाकं जोडून खाटा कुणी केल्या, तर त्या दोघांनी. तापाच्या साथीत व्हरांडाभर रोगी कुणी सांभाळले, तर त्या दोघांनी. मी कुठल्याच गोष्टीत नाही. मी घरी, दाराकडे डोळे लावून! जन्मभर ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. आता दगडावर तरी नको. मी संमती देणार नाही.

तुमची माया असू द्या, सध्या फार लागते आहे.

तुमची,
वहिनी

११ जून

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आमच्या ह्यांना वाचून दाखवलं नाही. दाढी चालली होती, हसता हसता गाल कापून घेतला असता.

तुझं जळणं मला नवं नाही. मेट्रनबाईंनी दादाला विणून दिलेला मफलर तू उकळत्या पाण्यात धुतलास, तो मांजराला बसेल एवढा झाला होता! पण वहिनी, दादाला साधी चोरून खाल्लेली साखर लपवता यायची नाही. त्याच्या मनात काही असतं तर पहिलं तुलाच कळलं असतं. नाहीच म्हणायचं असेल तर त्या बाईंच्या तोंडावर जाऊन म्हण.

इकडे सगळे मजेत. धाकट्या नातीला दात आलाय, दिसेल त्याला चावते.

रागावून का होईना, पण लिही.

तुझी,
वन्सं

२० जून

चि. सौ. वन्संना अनेक आशीर्वाद.

गेले होते. इस्पितळाच्या धोबीघरामागे तिची खोली आहे. एक खाट, एक खुर्ची. खुर्ची मला दिली. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, की तिने समितीला स्वतःचं नाव गाळायला सांगितलंय, डॉक्टरांच्या घरच्यांना वाईट वाटायला नको.

वन्सं, माझ्या अंगाचा तिळपापड झाला! मोठेपणासुद्धा हिनेच घ्यायचा? तशीच उठले, सेक्रेटरींना गाठलं आणि बजावलं, की तिचं नाव लागलंच पाहिजे, तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

परत येऊन तिला सांगितलं तर हसली, मग डोळे पुसत बसली. आणि बोलायला लागली. साथीत एक बाळ हातचं गेलं, तेव्हा हे औषधांच्या खोलीत दार लावून रडले होते. घरी येऊन मला नुसतं भूक नाही म्हणाले. पहिलं अवघड ऑपरेशन जमलं, तेव्हा शिट्टी वाजवत जिना उतरले. वन्सं, हे आणि शिट्टी? माझ्या घरात कधी वाजवली नाही हो!

अर्धा माणूस त्या बाईकडे राहिलाय. मी जळते, अजूनही जळते. पण तिला आता बोलताना धाप लागते, आणि माझं ऐकून व्हायचंय. उद्या पुन्हा जाणार आहे. तिने नको म्हटलं तरी.

लोभ ठेवा, आणि तो सगळाच्या सगळा मला द्या.

तुमची,
वहिनी