वरकसावरचे ऐन

खालापूर, १ एप्रिल २०२४

चि. हर्षलास आजीचे अनेक आशीर्वाद.

मी बरी हाय. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझा बाप जन्मायच्या आधीपासून कुरकुरतो.

कामाचं लिहिते. वणव्यात डोंगराकडच्या आपल्या वरकस जमिनीवरची ऐनाची रोपं जळाली, ती तू होळीला पाहून गेलीस. तू दापोलीला जंगलाचं शिकायला गेलीस त्या पावसाळ्यात आपण दोघींनी लावलेली. उन्हाळ्यात मी हंडा घेऊन चढायला निघाले की तूच अडवायचीस, म्हणायचीस, जरा तहान लागू दे, पाणी शोधायला मूळ खाली जाईल. मी लागू दिली. वर गुरांनी शेंडे खाल्ले, आता ही आग. तुझा बाप धनेश म्हणतो, सगळी मेली, वरकस फार्महाऊसवाल्याला देऊ आणि भिसेगावात राहायला जाऊ. सातबारा माझ्या नावावर, म्हणून तो सध्या गोड बोलतोय. मी त्याला सांगितलंय, झाडाचं हर्षला म्हणेल ते खरं. जिवंत असली तर सही नाय. मेली असली तर नुसते दगड राखून काय करू? तू कळव. फोन नको, तो बापाच्या खिशात असतो.

माया हाय तशी ठेव.
तुझी आजी गौराबाई

दापोली, ९ एप्रिल

ती. आजीस हर्षलाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

परीक्षा जवळ आली आहे. मेसची आमटी खाल्ली की तुझी आठवण येते, म्हणजे रोजच.

आजी, रोपं मी नीट पाहिली. काही उरलेलं नाही. एवढ्या कोवळ्या रोपांना आग सोसत नाही. मनाला लावून घेऊ नकोस, बाबांचं ऐक. भिसेगावात दवाखाना दाराशी आहे.

गुडघ्याला तेल लाव. तुझ्या मायेत मला कमी करू नकोस.
तुझी हर्षला

खालापूर, ६ मे

चि. हर्षलास आशीर्वाद. रीत म्हणून लिहिलं.

तुझ्या शब्दावर मी सही केली. काल जळक्या काटक्या चुलीला आणाव्या म्हणून कोयता घेऊन वर गेले. एक काटकी ओढली, येईना. दोन्ही हातांनी ओढली, तर मीच खाली बसले. बघते तर बुडातून तांबूस कोंब फुटलेले. माती उकरली. वरची काडी करंगळीहून बारीक आणि खालचं मूळ कोयत्याच्या मुठीएवढं. आग वरून गेली, त्याला खबरही नाय. मला हसू आलं गं.

मग पलीकडचं रोप बघितलं. त्याच्या बुडाची माती कोणीतरी आधीच उकरून परत दाबलेली, वर दगड ठेवलेला. सालीवर नखाने खरवडल्याची खूण. धनेशला झाड आणि विजेचा खांब यातला फरक कळत नाय, तो उकरणार नाय.

एकच विचारते. तुला माहीत होतं?
आजी

दापोली, १२ मे

ती. आजीस नमस्कार.

हो. साल खरवडली तेव्हा आत हिरवं होतं. मी माती परत दाबली.

गेल्या पावसाळ्यात तू तिथे घसरून दुपारभर पडून होतीस, कोणाला पत्ता नव्हता. बाबा म्हणाले, ती रोपं जिवंत आहेत तोवर आजी डोंगर सोडायची नाही. मला ते पटलं. खरं सांगितलं असतं तर तू सही केली नसतीस. काही थांबवता येतं का, बाबांना विचारते. रागव, पण बोलणं टाकू नकोस.
हर्षला

खालापूर, २० मे

चि. हर्षला,

विचारू नकोस. परवा जेसीबी येऊन गेला. मुळं उलटी पडली, ती आतून ओली होती. फार्महाऊसवाला तिथे ट्रकातून आणलेली मोठी झाडं लावणार म्हणे.

धनेश खोटं बोलला असता तर मला नवल नव्हतं. त्याचं खोटं पकडायला मी तुला ठेवली होती. पडले तेव्हा माझी मी पडले आणि माझी मी उठले. पुढे कुठे पडायचं ते तू कोण ठरवणार? मी भिसेगावला येत नाय. हे घरही माझ्या नावावर हाय, बापाला सांग.

दिवाळीला ये असं लिहिणार नाय. पाणी तोडलं की मूळ खाली जातं, हे तूच शिकवलंस. तुझं पाणी मी तोडलंय. मूळ असलं तर फुटशील.

गौराबाई