ससाण्याने पाहिलेलं जॅकेट

तीर्थरूप आप्पा,
तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार.

इथे आखातात, सीफ भागातल्या मॉलमध्ये आम्ही शिकारीचे कपडे विकतो. नव्या जॅकेटवर छापलंय, 'घातलं की तुम्ही पाखरालाही दिसणार नाही!' मॅनेजरने मलाच ते घालून दारात उभं केलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक हातावर शिकारीसाठी पाळलेला ससाणा घेऊन आलं, आणि तो ससाणा थेट माझ्या खांद्यावर येऊन बसला!

मी हसत सांगून टाकलं, "साहेब, जॅकेट उबदार आहे, बाकी सगळी जाहिरात." त्याने दोन घेतली. मॅनेजर अजून घुश्शात आहे, पण नोकरीची काळजी नको.

तुम्ही लिहिलंत, गुडघा मुळीच दुखत नाही. ते खरं की जाहिरात? तुम्ही खरं कळवा, मग मीही नोकरीचं खरं कळवते.

तुमची, ससाण्यालाही दिसलेली,
रुपाली