शिरीषसाठी दर गुरुवारी

क्लेमेंटी, सिंगापूर
शुक्रवार, २२ ऑगस्ट २०१४

चि. शिरीष,

आशीर्वाद लिहायचा की नाही, यात दहा मिनिटं गेली. नाही लिहीत. हवा असला तर धरून घे.

सोबतचं कार्ड बघून बावचळू नकोस. 'लवकर बरे व्हा' असं इंग्रजीत लिहून खाली नऊ जणांनी सह्या केल्यात, त्यांतल्या एकालाही तू ओळखत नाहीस. तुला काही झालेलं नाही हे मला ठाऊक आहे. निदान प्रबोध तसं म्हणतो. तुझा नगरचा पत्ता माझ्याच मुलाकडे इतकी वर्षं होता, हे मला परवा कळलं.

हकिगत अशी. प्रबोध आणि सूनबाई सकाळी ऑफिसात जातात, नात शाळेत. मी बाराव्या मजल्यावर भिंतींशी बोलायला मोकळा. शेजारच्या ब्लॉकमध्ये, दुकानांच्या वर, एक ख्रिस्ती अभ्यासकेंद्र आहे. केंद्र कसलं, दोन खोल्या आणि एक एसी. वर्तमानपत्र फुकट, चहा फुकट, म्हणून जाऊ लागलो. चहा म्हणजे गरम पाण्यात दोरीला बांधून सोडलेली पुडी.

आणि काय ती माणसं! चालक डॉक्टर कोह, युनिव्हर्सिटीतून रिटायर झालेले, ग्रीक शिकवतात. विद्यार्थी तीन, त्यांतला एक झोपतो. नव्या खुर्च्या आल्या तरी प्रार्थना. मध्यंतरी सगळे पुलाउ उबीन बेटावर सायकली घेऊन चिंतनाला गेले. तिथे सत्तरीच्या मिसेस लिम सायकलसकट चिखलात आडव्या झाल्या, आणि ही बातमी बाईंनी मासिक पत्रकात स्वतःच छापली! आपल्या घरात असतं तर चार पिढ्या कोणाला कळू दिलं नसतं. ते पत्रक मी तपासतो. जन्मभर भूमिती शिकवली, पण स्वल्पविराम कुठे द्यावा हे या डॉक्टरेटवाल्यांपेक्षा मला जास्त कळतं. ते मला 'प्रोफेसर' म्हणतात. तेवढं मी दुरुस्त केलेलं नाही.

खरी भानगड गुरुवारची. त्या दिवशी सगळे गोल बसतात. प्रत्येकाने एका माणसाचं नाव सांगायचं, बाकीच्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. मेहुण्याची दारू, मुलीचा घटस्फोट, सगळं चव्हाट्यावर. लाज म्हणून कसली ती नाही. जानेवारीत माझी पाळी आली. मी म्हणालो, मी हिंदू आहे, मला वगळा. मिसेस लिम म्हणाल्या, "हिंदूंना माणसं नसतात का?" आता अशा बाईला काय सांगणार? तोंडातून तुझं नाव गेलं.

काय झालंय त्याला, असं त्यांनी विचारलं. तो तुमच्यातला झाला म्हणून मी त्याला तोडलं, हे त्यांच्या तोंडावर कसं म्हणू? हातात चहा त्यांचाच होता. म्हणालो, हृदयविकार.

वाटलं, मिटलं. छे, ही माणसं विसरतच नाहीत. आठ महिने दर गुरुवारी एकच प्रश्न, शिरीष कसा आहे? मी तुला दोनदा दवाखान्यात घातलं, दोनदा घरी आणलं. पत्रकात एसी दुरुस्त झाल्याच्या बातमीखाली तुझं नाव येतं आणि ते मीच तपासतो. गेल्या आठवड्यात मिसेस लिमनी विचारलं, लहानपणी तुम्ही त्याला काय हाक मारायचात? नाव सांगायचं सोडून मी भर मंडळीत रडलो, या वयात. त्यांना वाटलं तू अत्यवस्थ आहेस, म्हणून हे कार्ड.

मला दिसत होतास तो नगरच्या बसमधून उतरून धावत आलेला तू. आई जाऊन चार तास झाले होते. तू एवढंच म्हणालास, "दादा, एकदा तोंड पाहू दे." मी दारात आडवा उभा राहिलो आणि म्हणालो, "इथे तुझं कोणी नाही." घरात वीसेक माणसं होती, पण मला कोणी शिकवलं नव्हतं. मी आपणहून म्हणालो. आम्ही तिला नेलं तेव्हा तू रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालत होतास. मी पाहिलं होतं. पाहिलं नाही असं सगळ्यांना सांगितलं.

या लोकांना मी बावळट म्हणतो, आजही म्हणतो. पण या बावळटांनी कधी न पाहिलेल्या माणसाची आठ महिने चौकशी केली. मी सख्खा भाऊ, एकवीस वर्षांत एकदाही केली नाही. शरम वाटते मला.

गुरुवारी ते पुन्हा विचारतील. आता मी काही रचून सांगणार नाही, तुझं उत्तर येईपर्यंत गप्प बसेन. राग गेलेला नाही असं लिहिलंस तरी तेच सांगेन, आणि का गेला नाही तेही सांगेन.

मिसेस लिमना सांगता आलं नाही ते इथे लिहितो. शिऱ्या, कसा आहेस रे?

दारात आडवा उभा राहिलेला,
दादा