खडकातून उपटलेले निळे फूल

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा नमस्कार. या वेळी जरा खालमानेने.

माझी प्रकृती उत्तम आहे. सूनबाई माझ्या सर्व खोडी सांभाळून घेते.

मागील आठवड्यात मुलासोबत डोंगरावर गेलो होतो. माथ्याजवळ, खडकाच्या फटीत, एक निळे रानफूल दिसले. मुलगा म्हणाला, "बाबा, हात नका लावू. ते बर्फाखाली झोपतं आणि दरवर्षी त्याच फटीतून वर येतं." मी ऐकले नाही. तुला दाखवावे म्हणून छत्रीच्या टोकाने उकरून ते मुळासकट आणले. कुंडीत सकस माती घातली, उबदार खिडकीत ठेवले, दररोज पाणी दिले. त्याने मान टाकली.

सूनबाई म्हणाली, "लाडानेच मारलंत त्याला!"

त्या रात्री मला जेवण गेले नाही. गावचे घर विकून तू कायमची इकडे आमच्याकडे राहायला यावेस, हा हट्टही माझाच. तू तीनदा नाही म्हणालीस. मी तेही ऐकले नाही.

ताई, तुझे तिकीट रद्द केले आहे. आता मीच तिकडे येतो. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या दाराची कडी अजूनही अडकते का? जोर लावू नकोस. मी आल्यावर तेल घालीन.

तुझा अपराधी,
धाकटा