बावन्न नंबरच्या नळीबाबत

मी, खाली सही करणारी, वय त्रेसष्ट, विधवा, एकतीस वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. कुणी भरीला घातलेलं नाही. मला स्मृतिभ्रंश सुरू झाला आहे, पण अजून थोडा आहे. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला शंभरातून सात सात वजा करायला लावले, वार विचारला, आणि मी काय लिहिते आहे ते मला कळतं असा दाखला दिला. तो सोबत टाचला आहे. ज्यांना हे कोर्टात पाडायचं असेल त्यांनी आधी तो वाचावा.

१. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी असं माझ्या नावावरचं घर मी थोरल्या नणंदेला देते. चाळीस वर्षांत आमचं एकदाही पटलं नाही. माझा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा तिने शेजारणींच्या देखत सांगितलं की माझ्या हातचं पाणीसुद्धा त्याला बाधतं. मी ते विसरलेले नाही. पण आजाराचं निदान झाल्यापासून सगळे माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात. ती एकटी पूर्वीसारखीच भांडते. घर तिला देते म्हटल्यावर म्हणाली, "उपकार नकोत मला तुझे, वहिनी." हे उपकार नाहीत. मुलीला मिळू नये म्हणून देते.

२. मुलीबद्दल कारण लिहून ठेवते. गेल्या महिन्यात तिने माझ्यापुढे कागद सरकवला. "आई, इथे सही कर, गॅसच्या कनेक्शनचं आहे." एकतीस वर्षं मी नळ्यांवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली आहेत. ते घर विकण्याचं मुखत्यारपत्र होतं. गॅसला दोन साक्षीदार कशाला लागतात, एवढंच मी विचारलं. ती शरमली नाही. स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला, मला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "आज शुद्धीत दिसतेय. पुढच्या आठवड्यात बघू." तिला माझे दागिने आणि बँकेतली शिल्लक द्यावी. एकुलती एक आहे, तिला काही दिलंच नाही असं कुणी म्हणायला नको.

३. आता साहेब, म्हणजे आमचे विभागप्रमुख. आमच्याकडे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांचं रक्त यायचं. जनुकं सगळ्या पेशींत तीच असतात. पण कोणतं चालू, कोणतं बंद, कोणतं किती जोरात चालू, यात फरक असतो. तो रक्तात मोजायचा आणि निरोगी म्हाताऱ्यांच्या रक्ताशी ताडून पाहायचा, हे आमचं काम. चालू जनुकाचा निरोप, म्हणजे आरएनए, उबेत राहिला की तुटून जातो. मी तो कधी तुटू दिला नाही.

नऊ वर्षांपूर्वी निरोगी माणसं कमी पडली म्हणून साहेबांनी कर्मचाऱ्यांचं रक्त घेतलं. माझी नळी बावन्न नंबरची. निकाल आले तेव्हा बावन्न नंबर आजाऱ्यांच्या घोळक्यात जाऊन बसला होता. एका नळीवरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही, हे साहेबांनीच मला शिकवलं होतं, म्हणून मी घाबरले नाही. पण निरोगी गटाचा निकाल बिघडतो म्हणून त्यांना तक्त्यात तो नंबर नको होता. फाइलवर त्यांनी लिहिलं: तंत्रज्ञाच्या हलगर्जीपणामुळे नमुना बाद. त्या खेपेतला सगळ्यात स्वच्छ नमुना तोच होता; तपासणी मीच केली होती. मला मेमो मिळाला आणि निवृत्त होईपर्यंत चार वर्षं मी काचेची भांडी धुतली. ज्यांना मी काम शिकवलं तेच मला भांडी आणून देत.

यंदा माझं निदान झाल्याचं कळताच साहेब फळांची पेटी घेऊन माझा जिना चढून आले. आजाराच्या इतकी वर्षं आधीचं रक्त फार थोड्यांचं असतं. त्याच दिवशी काढलेल्या माझ्या आणखी दोन नळ्या फ्रीझरमध्ये सीलबंद आहेत. म्हणाले, त्या वापरू द्या, आता पुन्हा रक्त द्या, आणि पुढे मृत्यूनंतर मेंदूही.

मी विचारलं, "माझं काम तर खराब होतं ना?"

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "बाई, कागदावर काय आहे ते सोडा."

मी एकच ओळ मागितली: नमुना चांगला होता, चूक तंत्रज्ञाची नव्हती. ते म्हणाले, मग छापलेला शोधनिबंध मागे घ्यावा लागेल, त्यात बाकीच्यांचीही नावं आहेत. मी म्हटलं, "मग राहू द्या."

म्हणून रक्त देताना दिलेली माझी संमती मी मागे घेतली आहे. अर्जाची पोच सोबत आहे. मी मरेपर्यंत त्या नळ्या नष्ट केल्या नसतील तर माझ्या वकीलबाईंनी त्या स्वतःसमोर फ्रीझरमधून काढून घ्याव्यात आणि संध्याकाळपर्यंत उघड्या ठेवून मग फेकाव्यात. माझा मेंदू कुणालाही काढू देऊ नये. मेमोची मूळ प्रत फ्रेम करून साहेबांना पोचवावी.

४. हे कळल्यावर मुलगी वर्षात पहिल्यांदा माझ्या शेजारी टेकली. म्हणाली, "आई, दे ना त्यांना. उद्या मलाच झालं तर?"

मी म्हटलं, "तेव्हा तुझी मुलगी तुझ्यापुढे गॅसचा कागद ठेवेल."

ती रडली. मी काय नाकारते आहे ते मला कळतं. विभागाबाहेरच्या बाकावर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. एक निवृत्त पोस्टमन दर वेळी रक्त घ्यायला शीर सापडेपर्यंत मला विचारायचा, घरी कधी सोडणार. त्याची बायको शेजारीच बसलेली असायची. मला त्यांची कीव येते. तरीही नाही.

५. यापुढे मी विसरत जाईन, आणि राग सगळ्यात आधी जाईल असं वाटतं. साहेब आले तर मी त्यांना बसा म्हणेन, चहा विचारेन, आणि सांगतील तशी बाही वर करून हात पुढे करेन. तेव्हाची ती बाई स्वभावाने गोड असेल, सगळ्यांना आवडेल. तिने कितीही आनंदाने हो म्हटलं, तरी तो माझा होकार धरू नये.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: नऊ ऑक्टोबर, दुपार

लिहून देणारी: (सही)

साक्षीदार, दोघींनी माझ्या समोर सही केली:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई (सही). यांनी सगळं वाचलं, चौथं कलम खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही.